मागचा बाक काढला, तर मागची मुलं पुढे येतील का?

शाळेत मी उंच होते. माझा गुन्हा एवढाच. पाचवीच्या पहिल्या दिवशी बाईंनी मैदानावर उंचीप्रमाणे रांग लावली आणि त्याच क्रमाने वर्गात आणून बसवलं. तेव्हापासून दहावीपर्यंत मी शेवटच्या बाकावर. सहावीत मला फळ्यावरचं दिसेनासं झालं होतं, हे घरी कळलं आठवीत. मधली दोन वर्षं मी सगळं शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत होते, आणि शेजारीण अक्षर सुंदर काढायची पण गणितं चुकवायची. प्रगतिपुस्तकावर शेरा यायचा, ‘लक्ष देत नाही.’

त्यामुळे केरळमधली ‘बॅकबेंचर हटवा’ ही बातमी आली तेव्हा माझे कान टवकारले. पण बातमी वाचून आनंद व्हायच्या आधी काही प्रश्न पडले. ते इथे क्रमाने सोडवून बघू.

बातमी काय होती?

‘स्थानार्थी श्रीकुट्टन’ नावाचा एक मल्याळी सिनेमा आहे. त्यात शेवटच्या बाकावरच्या मुलांची गोष्ट येते आणि अखेरीस वर्गातले बाक भिंतींना लागून असे मांडले जातात की मागची रांगच उरत नाही. सिनेमाची चर्चा वाढली आणि जुलै २०२५ मध्ये बातम्या आल्या, की कोल्लम जिल्ह्यातल्या वाळकमच्या शाळेसह केरळमधल्या काही शाळांनी खरोखरच तशी रचना केली आहे. तीन बाजूंना बाक, चौथ्या बाजूला फळा, मध्ये मोकळी जागा. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी. त्याच महिन्यात तमिळनाडूच्या शिक्षण खात्यानेही शाळांना अशी मांडणी करून बघायला सांगितलं. तिथे तिला ‘प’ रचना म्हणतात, कारण तमिळमधला ‘प’ हुबेहूब असाच, वरून उघडा चौकोन असतो. (आपला देवनागरी ‘प’ इथे काही कामाचा नाही.) लगेच टीकाही सुरू झाली. मुलांच्या माना दुखतील, डोळ्यांवर ताण येईल, एवढी मुलं मावणार कुठे?

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. ते तपासायचं तर आधी रांगांकडे बघायला हवं.

रांगा आल्या कुठून?

आपल्याला वाटतं, शाळा म्हटली की रांगा असायच्याच. पण पंतोजींच्या शाळेत अशी रांग नव्हती. ओसरीवर किंवा देवळात मुलं जमिनीवर बसत, कुणी धूळपाटीवर अक्षर गिरवतोय, कुणी पाढे घोकतोय, आणि मोठी मुलं लहानांना सांगताहेत. प्रत्येकाचा धडा वेगळा, म्हणून सगळ्यांनी एका दिशेला बघायचं कारणच नव्हतं.

गंमत अशी, की आधुनिक रांगांचा एक धागा याच शाळांपर्यंत जातो. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने मलबारी मुलांना वाळूत अक्षरं गिरवताना पाहिलं. त्याने वाळूची कल्पना उचलली, मुलांनीच मुलांना शिकवायची पद्धत बसवली, आणि ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून इंग्लंडला नेली. तिकडे जोसेफ लँकेस्टरने याच धर्तीवर लंडनमध्ये एका मोठ्या दालनात शेकडो मुलं बसवली. एवढ्या मुलांवर थोड्याच मोठ्या माणसांनी नजर ठेवायची, तर लांबच लांब बाकांच्या रांगांना पर्याय नव्हता. म्हणजे रांग जन्माला आली ती मुळात मुलं मोजता यावीत, दिसावीत म्हणून.

पुढे उजेडाचा हिशोब आला. विजेचे दिवे नसताना खिडक्या मुलांच्या डाव्या हाताला ठेवत, म्हणजे उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली अक्षरावर पडत नाही. आजही अनेक जुन्या शाळांत खिडक्या डावीकडेच सापडतील. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि आपल्याकडे जागेला आणखी एक अर्थ होता. साताऱ्याच्या शाळेतल्या आठवणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. वर्गात मुलं क्रमांकाप्रमाणे बसत, पण बाबासाहेबांना क्रमांकाप्रमाणे इतरांमध्ये बसता येत नसे. कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे. ते गोणपाटही रोज घरून आणायचं आणि घरी न्यायचं, कारण शाळेचा गडी त्याला हात लावत नसे. वर्गात कोण कुठे बसतं हा निव्वळ सोयीचा प्रश्न आहे, असं महाराष्ट्रात तरी कुणी म्हणू नये.

बाईंची नजर कुठे जाते?

आता मूळ मुद्दा. १९७० साली ॲडम्स आणि बिडल या संशोधकांनी वर्गांचं चित्रीकरण करून एक साधी गोष्ट मोजली. शिक्षक आणि मुलं यांच्यातली देवाणघेवाण वर्गाच्या कोणत्या भागात होते? उत्तर आलं, पहिली रांग आणि तिच्या मधून मागे जाणारी पट्टी, म्हणजे साधारण इंग्रजी ‘टी’च्या आकारात. या भागाला ‘ॲक्शन झोन’ असं नाव पडलं. आपण त्याला वर्गाचा वाढता भाग म्हणू. वाढता, म्हणजे जिथे वाढलं जातं तो.

कारण मला ही गोष्ट पंगतीसारखी वाटते. वाढप्याच्या मनात कुणाला उपाशी ठेवायचं नसतं. पण त्याचा हात जिथे सहज पोहोचतो, ज्याच्याशी नजरानजर होते, त्याच्या पानात जिलबी दुसऱ्यांदा पडते. कोपऱ्यातला माणूस ‘इकडे मठ्ठा’ म्हणून ओरडेल तर ठीक, नाहीतर त्याचं जेवण मठ्ठ्यावाचून उरकतं. आणि पंगत कशी मांडतात बघा. समोरासमोर पानं, मधून मोकळी वाट, जेणेकरून वाढपी प्रत्येक पानापर्यंत चालत जाऊ शकेल. ‘यू’ रचना म्हणजे दुसरं काय? पंगतच ती.

शिक्षिकेचं तसंच होतं. प्रश्न विचारल्यावर ती जे चेहरे दिसतात त्यांच्याकडे बघते. मान डोलावणारा चेहरा दिसला की तिला वाटतं, समजलं वर्गाला, चला पुढे. मान डोलावणारी तीन-चार मुलं मधल्या पट्टीत असतात, आणि अख्ख्या वर्गाचा वेग ती ठरवतात. उजव्या कोपऱ्यातल्या चौथ्या बाकावर काय चाललंय हे तिला कळतच नाही. यात भेदभाव करायचा हेतू नसतो. मानेची रचनाच तशी आहे.

मग गोल, गट, ‘यू’ की रांग?

जर्मनीत चौथीच्या एका वर्गावर झालेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं सत्तावीस. आठ आठवड्यांत त्यांना आलटून पालटून कधी अर्धवर्तुळात, कधी रांगेत बसवलं. मुलं तीच, शिक्षिका तीच. अर्धवर्तुळात मुलांनी जास्त प्रश्न विचारले. समोर बाई दिसतात, शेजारीपाजारी मित्रांचे चेहरे दिसतात, हात वर केला तर तो कुणाच्या तरी पाठीमागे दडत नाही, म्हणून असावं. अमेरिकेतल्या १९८५ च्या अभ्यासातही, लिहिण्याआधी मुलांना कल्पना सुचवायला सांगितल्या तेव्हा वर्तुळात बसलेल्या मुलांचा सहभाग रांगेतल्यांपेक्षा चांगला होता, आणि रांगेतली मुलं जास्त अंग काढून घेताना दिसली.

इथे थांबलो तर ‘यू’वाले जिंकले.

पण इंग्लंडमध्ये १९८१ साली केव्हिन व्हेल्डॉल आणि सहकाऱ्यांनी अकरा वर्षांच्या मुलांचे दोन वर्ग घेतले. ही मुलं एरवी टेबलांभोवती गटाने बसत. त्यांना काही दिवस रांगेत बसवलं आणि मग पुन्हा टेबलांकडे नेलं. रांगेत असताना मुलं आपापल्या कामात जास्त वेळ गुंतून राहिली, टेबलांवर परतताच तो वेळ पुन्हा घसरला. आणि सगळ्यात जास्त फायदा कुणाला झाला? ज्यांचं लक्ष एरवी सगळ्यात जास्त भरकटतं त्यांना.

हे अभ्यास एकमेकांना खोटे पाडत नाहीत. मुलांना दिलेलं काम वेगळं होतं. जर्मन मुलं बाईंशी बोलत होती. इंग्लंडची मुलं एकट्याने वहीत काम करत होती. समोर मित्राचं तोंड असलं की गप्पांना बरं असतं, भागाकाराला नाही. घरातही आपण हे जाणतोच. कीर्तनाला सगळे एका दिशेला तोंड करून बसतात आणि कुणाला वाईट वाटत नाही. पण पारावर गावगप्पांना लोक रांगेत बसलेले कुणी पाहिलेत? वॅनर्का आणि रूल यांनी २००८ मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र वाचून हेच म्हटलं, की काम बघा आणि मग बाक मांडा.

इंग्लंडने याची दुसरी बाजूही भोगली आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या प्राथमिक शाळांनी मुलांना मोठ्या उत्साहाने गटात बसवलं. पुढे मॉरिस गॅल्टन आणि सहकाऱ्यांनी वर्गात बसून निरीक्षणं केली, तर मुलं गटात बसलेली आणि काम मात्र प्रत्येकाचं स्वतंत्र. बाक हलले, शिकवणं जागच्या जागी. आपल्या गटकार्याचं काय होतं, हे ज्याने त्याने आठवून बघावं: एक हुशार मुलगी सगळं लिहिते, बाकीचे तक्त्याला रंग देतात.

पण मागे बसणारी मुलंच मुळात कच्ची असतात ना?

हा आक्षेप खरा आहे, निदान अर्धा. कॉलेजात तर जागा आपण निवडतो. ज्याला तास संपायच्या आधी सटकायचंय तो दाराजवळ बसतो. मग मागच्यांचे गुण कमी दिसले तर दोष बाकाचा की सटकणाऱ्याचा? आधी कोंबडी की आधी अंडं?

हे सोडवायचा एकच उपाय, जागा चिठ्ठ्या टाकून द्यायच्या. कोलोरॅडो विद्यापीठात कॅथरिन पर्किन्स आणि कार्ल वीमन (हेच ते २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी) यांनी तेच केलं. मोठ्या सभागृहातला भौतिकशास्त्राचा वर्ग, जागा नशिबावर, आणि सत्राच्या मध्यावर पुढचे मागे, मागचे पुढे. तरीही सुरुवातीला मागे बसवलेल्यांमध्ये नापासांचं प्रमाण पुढच्यांच्या जवळजवळ सहापट निघालं. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असं एकदा मनात बसलं की नंतर पुढे आणूनही ते पटकन निघत नाही.

मात्र २००७ मध्ये जीवशास्त्राच्या वर्गावर असाच प्रयोग दुसऱ्यांनी केला, त्यांना जागेचा परिणाम दिसला नाही. त्यामुळे ‘विज्ञानाने सिद्ध केलंय, मागे बसाल तर नापास व्हाल’ असा निरोप व्हॉट्सॲपवर आला तर पुढे पाठवू नका. आणि दोन्ही प्रयोग कॉलेजातले आहेत, तिसरीच्या वर्गातले नाहीत.

मानेचं आणि डोळ्यांचं काय?

तमिळनाडूतल्या टीकेकडे अनेकांनी कुरकुर म्हणून पाहिलं. मला ती कुरकुर वाटत नाही.

‘यू’च्या दोन बाजूंना बसलेल्या मुलांचं तोंड समोरच्या भिंतीकडे असतं, फळ्याकडे नाही. फळा बघायचा तर मान वळवायची, वहीत लिहायचं तर परत आणायची. चाळीस मिनिटांच्या तासात फळ्यावरून उतरवून घ्यायचं असेल तर हे शेकडो वेळा. बाक तिरका करून हे कमी करता येतं, पण दोन-तीन मुलांचा जोडबाक भिंतीलगत तिरका केला की जागा खातो.

दुसरं, फळा तिरका दिसतो. रस्त्याच्या कडेने दुकानांना खेटून चालताना वरच्या पाट्या वाचून बघा. अक्षरं चेपल्यासारखी दिसतात. ‘यू’च्या अगदी पुढच्या टोकाला बसलेल्या मुलाला फळ्याचं लांबचं टोक साधारण साठ अंशांतून दिसतं, आणि त्या कोनातून अक्षराची रुंदी निम्मीच दिसते. शिवाय गुळगुळीत पांढऱ्या फळ्यावर खिडकीची तिरीप पडली की काहीच दिसत नाही. म्हणजे पहिल्या बाकाचा मान मिळाला आणि शेवटचा बाक बरा म्हणायची वेळ आली.

आणि त्या डावीकडच्या खिडक्या! ‘यू’मध्ये एका बाजूच्या मुलांची पाठ खिडकीला येते आणि त्यांचीच सावली वहीवर पडते. समोरच्या मुलांच्या थेट डोळ्यांवर उजेड येतो. दिवसा वीज जाणाऱ्या गावात ही बारीक तक्रार नाही.

आमच्या वर्गात पंचेचाळीस मुलं आहेत हो!

कुठल्याही शिक्षकाचा हा पहिला प्रश्न असणार. गणितच करू. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद वर्ग धरा. सीबीएसईच्या नियमांतली पाचशे चौरस फुटांची किमान खोली साधारण एवढीच असते. फळा सहा मीटरच्या भिंतीवर. त्याच्यासमोर दोन मीटर जागा बाईंना सोडली. दोन मुलांचा बाक १.२ मीटर रुंद धरला, तर दोन्ही बाजूंना पाच-पाच आणि मागे तीन, असे तेरा बाक बसतात. सव्वीस मुलं. दारासमोरचा एक बाक काढला तर चोवीस.

शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. म्हणजे तिथेही चार-सहा मुलं उरतात. आणि पंचेचाळीस असतील तर आत दुसरा ‘यू’ मांडावा लागेल. तो मांडला की बाहेरच्या ‘यू’तली मुलं आपोआप मागच्या बाकावरची झाली. मोकळी जागा भरली, बाईंची वाट बुजली. ज्यासाठी खटाटोप केला तेच गेलं. जिथे पट वीस-पंचवीसचा आहे त्या शाळेला ही रचना शोभते. केरळचं बघून शहरातल्या साठ मुलांच्या तुकडीवर ती लादली तर वर्षभरात बाक परत रांगेत जातील आणि ‘हे सगळं फॅड असतं’ हा शेरा तेवढा मागे राहील.

जिल्हा परिषदेच्या लहान शाळांची यात एक जुनी सोय आहे, सतरंजी. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शाळांचा एक सरकारी गट) शाळांत ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मुलं स्वतः करून बघत शिकतात या विचाराचा, प्रयोग झाला तेव्हा राज्यभरातून शिक्षक तो बघायला गेले. फरशीवरच आखलेली चित्रं, अंक, अक्षरं, आणि त्यांच्याभोवती घोळक्याने बसलेली मुलं. काम बदललं की मुलं उठून दुसरीकडे. तिथे कुणाचीच जागा ठरलेली नसल्यामुळे मागचा बाक हा शब्दच लागू होत नाही. ज्या शाळेला लोखंडी बाक मिळत नाहीत म्हणून आपण हळहळतो, तिच्याकडे ही मोकळीक आयती असते. (गुडघे दुखणाऱ्या शिक्षकांची बाजू मी इथे मांडत नाही, पण ती आहे.)

आणि ज्यांना मागेच बसायचंय ती मुलं?

ही बाजू कुणी मांडत नाही म्हणून दोन वाक्यं. ‘यू’मध्ये लपायला जागा नसते. तोतरं बोलणारा, नुकताच दुसऱ्या गावाहून आलेला, घरी बोलतात ती भाषा वर्गात चालत नाही म्हणून गप्प बसणारा, अशा मुलाला पंचवीस जणांच्या नजरेसमोर दिवसभर बसणं सोपं नसतं. त्याला आधी एखादा कोपरा लागतो. फक्त त्या कोपऱ्यात बाई अधूनमधून जायला हव्यात.

बाक न हलवता काय करता येईल?

बरंच काही. आणि हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण आपल्याकडच्या बहुतेक वर्गांत बाक हलवणं म्हणजे खालच्या मजल्यावरच्या वर्गाने भांडायला वर येणं.

पहिलं, जागा फिरती ठेवणं. दर सोमवारी प्रत्येक रांगेने एक बाक पुढे सरकायचं, पहिल्याने मागे जायचं, आणि महिन्यातून एकदा रांगाही डावीकडून उजवीकडे बदलायच्या. पुष्कळ मराठी शाळांत हे पूर्वीपासून चालतं, कुणी त्याला प्रयोग म्हणत नाही इतकंच. मात्र ज्याला कमी दिसतं, कमी ऐकू येतं, त्याला या फेऱ्यातून वगळून पुढेच ठेवायचं. उंचीप्रमाणे कायमचं बसवायचं असेल तर निदान उंच मुलांना कडेच्या रांगांत पुढे बसवता येतं. तिथे ती कुणाचा फळा अडवत नाहीत. हे मला पस्तीस वर्षांनी सुचतंय, आमच्या बाईंना त्या दिवशी मैदानावर सुचलं असतं तर!

दुसरं, बाईंनी चालणं. वाढता भाग शिक्षकाबरोबर सरकतो. समजावून सांगताना चौथ्या बाकापाशी उभं राहिलं की तो बाक पहिला होतो. खुर्ची-टेबल फळ्यापासून हलवून कडेला नेलं तरी फरक पडतो.

तिसरं, मोजणं. वर्गाचा नकाशा एका कागदावर काढायचा, प्रत्येक जागेला एक चौकोन. दोन दिवस हा कागद एखाद्या मुलीकडे द्यायचा, चौथ्या बाकावरच्या असेल तर उत्तम. बाईंनी ज्याला प्रश्न विचारला किंवा ज्याच्याकडे बघून बोलल्या, त्याच्या चौकोनात एक रेघ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कागद बघायचा आणि कोणते चौकोन कोरे आहेत ते शोधायचं. बाक हलवायचे की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल.